मधला तुकडा

४ मार्च, रविवार सकाळ

ताई,

नमस्कार. तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. जेवतो वेळेवर. खोकला गेला. मफलर हरवलेला नाही, धुवायला टाकला आहे. खोलीतून निघताना कुलूप आता दोनदाच ओढून बघतो, तीनदा नाही. ही सुधारणा आहे हे तू मान्य करावंस.

फोन का करत नाही हे तू विचारलं नाहीस, त्याबद्दल आभार. फोन कानाला लावला की माझा घसा अजून तसाच आवळतो. कागदावर वेळ मिळतो आणि खोडताही येतं.

आता बातमी. माझं लिहिलेलं छापून आलं आहे. दोन कात्रणं सोबत जोडली आहेत. घाबरू नकोस, राजकारण नाही. सँडविचांबद्दल आहे.

कसं झालं ते क्रमाने सांगतो. आमच्या छापखान्यात या भागाचं एक साप्ताहिक छापतात, आठ पानांचं, दर शुक्रवारी. मी त्याची प्रूफं वाचतो हे तुला माहीत आहे. शुक्रवारी दुपारी पानं मशीनवर चढली की सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे असतात. ती शाई साबणाने जात नाही, रॉकेलने जाते, आणि रॉकेलच्या हाताने घास तोंडात घालवत नाही. म्हणून शुक्रवारी कोणी डबा आणत नाही. सँडविच आणायचं आणि कागदासकट धरून खायचं, ही तिथली माझ्या आधीपासूनची रीत. हात स्वच्छ असलेला माणूस मी एकटाच, त्यामुळे आणायचं काम माझ्याकडे आलं.

दर शुक्रवारी नवीन दुकान, हा मशीनकाकांचा हट्ट. ते मशीन चालवतात आणि मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असल्याने मशीन बंद असतानाही ओरडतात. दुसऱ्या बाइंडिंगच्या मावशी. त्या पानं दुमडतात आणि बोलणं मात्र सरळ ठेवतात. पहिल्याच शुक्रवारी मावशींनी सँडविच उघडून बघितलं आणि मला विचारलं, "काय रे, ही काकडी आहे का काकडीचा फोटो?"

"पावापेक्षा आपला पुठ्ठा मऊ आहे!" काका ओरडले.

"मागच्या शुक्रवारचं बरं होतं."

"मागच्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात त्याच्या मागच्या शुक्रवारचं बरं होतं!"

हे भांडण मला सहन होईना. कोणाकडेच पुरावा नव्हता. मग मी एक वही केली. दुकान, तारीख, पावाची जाडी, काकडीच्या चकत्या किती, लोणी कडेपर्यंत लावलंय की मधेच थापलंय. प्रूफाच्या टेबलावर स्टीलची मोजपट्टी असतेच, ती बरोबर न्यायला लागलो. गुण दहापैकी: पावाला तीन, आतल्या सारणाला तीन, खाताना सांडत नसेल तर दोन, आणि नीट कापलं असेल तर दोन. काकांनी माझं नाव मोजपट्टी ठेवलं. आता चहावालाही त्याच नावाने हाक मारतो.

मग एका गुरुवारी पाचव्या पानावरची जाहिरात ऐनवेळी गळाली आणि तळहाताएवढी जागा रिकामी राहिली. संपादकांनी माझ्या टेबलावरची वही उचलली.

"हे काय आहे?"

"काही नाही, सर."

"काही नाही ना? मग छापतो."

मी वही ओढून घ्यायला गेलो, पण खोटं सांगत नाही, बरंही वाटलं. 'दोन स्लाइसच्या मधे' असं शीर्षक दिलं, खाली नाव 'मोजपट्टी'. पहिल्या कात्रणात कोर्टासमोरच्या कॅफेचं अंड्याचं सँडविच आहे. मी लिहिलं की अंडं इतकं उकडलं आहे की साक्ष द्यायला उभं राहील. दुसरं, चीज विकणाऱ्या दुकानातलं, तिथे पाव आणि चीज दोन्ही उत्तम, पण दोघांची ओळख करून द्यायला लोणी कोणी बोलावलंच नाही. लोक हसले म्हणे. एका वाचकाने तर पत्र पाठवून विचारलं की मोजपट्टी लग्नाचा आहे का.

संपादकांनी मला शिक्षण विचारलं. मी नववी म्हणालो. 'अर्धी' हा शब्द घशातच राहिला.

तू लगेच म्हणशील, दादामुळे. घरात सात वर्षं दादाचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे, तर मीही काढत नाही. शाळेचं आलं की तुझं मन तिथे पोचतं, म्हणून आधीच लिहून ठेवलं. जाऊ दे.

हवा छान आहे. खिडकीत सकाळचं ऊन येतं. मला इथे बरं वाटतं, ताई.

तुझा,
धाकटा


२५ मार्च, रविवार

ताई,

नमस्कार, आणि तुझ्या शिवणकारखान्यातल्या सगळ्या बायकांनाही. तू कात्रणं जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलीस आणि त्या अंड्याच्या ओळीला एकीच्या नाकात पाणी गेलं, हे मी चार वेळा वाचलं. तुझ्या मशीनमागच्या भिंतीवर ती चिकटवलीस हे मात्र जास्त झालं. सुपरवायझरनेच भिंतीला कागद लावले तर बाकीच्यांनी काय करायचं?

"सँडविच म्हणजे जेवण का रे?" असं तू विचारलंस. ताई, आपल्याकडे ते जेवणच होतं की. आई गेल्यावर, बाबा दिवसभर कामावर असायचे तेव्हा. तू पंधराची, दादा बाराचा, मी सहाचा. पावाच्या दोन स्लाइस, लोणी, काकडी, असेल तर चीज, आणि त्याचे उभे तीन तुकडे. मी भांडायचो म्हणून तू नियम केलास: कापेल तो शेवटी उचलेल. कापायचा नेहमी दादा. तुझ्या हातात कपडे असायचे आणि माझ्या हातात सुरी कोणी देत नसे. दादाचं नाव दोनदा आलं. तुझ्याच प्रश्नामुळे आलं, त्याला मी जबाबदार नाही.

परवाच्या अंकातलं कात्रण जोडतो आहे. कागद पातळ आहे आणि टपालात फाटेल अशी भीती वाटते, म्हणून इथे उतरवूनही देतो:

"दवाखान्यामागचं दुकान. पाटी नाही, निळी खिडकी आहे. चीज, टोमॅटो आणि भाजलेल्या वांग्याचं सँडविच. पाव त्याच दिवसाचा, बोटाने दाबला तर पुन्हा वर येतो. तीनपैकी तीन. टोमॅटोच्या बिया काढलेल्या आहेत, त्यामुळे पाव शेवटच्या घासापर्यंत कोरडा राहतो. एवढी काळजी या भागात दुसरं कोणी घेत नाही. तीनपैकी तीन. सांडत नाही. दोनपैकी दोन. आता कापणी. दुकानदार एका सँडविचचे दोन नव्हे, तीन तुकडे करतो. तीनला हरकत नाही. पण कडेचे दोन तुकडे एकेचाळीस मिलिमीटरचे आणि मधला सव्वीसचा. मधला ज्याच्या वाट्याला येईल त्याने कोणाचं काय घोडं मारलं आहे? दुकानदाराला कोणीतरी मोजपट्टी भेट द्यावी. दोनपैकी शून्य. एकूण आठ."

आठ हे आतापर्यंतचे सर्वांत जास्त गुण आहेत. तरी मी शून्यावर अडून राहिलो. संपादक म्हणाले, एक तरी दे. मी म्हणालो, माप म्हणजे माप.

त्या दिवशी खिडकीत ते एकच उरलं होतं, म्हणून तिघांत एक आणलं. समोर एक बाक आहे. तिथेच कागद उघडून मोजून घेतलं, नाहीतर छापखान्यात काका मोजू देत नाहीत, खाऊन टाकतात. काउंटरवरच्या बाई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होत्या. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, कोणीतरी उभं होतं असं वाटलं, पण उन्हामुळे नीट दिसलं नाही.

छापखान्यात कागद मधे ठेवला. मी उचलला, काकांनी उचलला, आणि मावशींना मधला राहिला.

"वा रे वा," मावशी म्हणाल्या. "मोजपट्टी लावून मोजलंस आणि मलाच बारका?"

मी माफी मागितली. पण ताई, माझा हात आपोआप कडेच्या तुकड्याकडे गेला होता. मी निवडलंच नव्हतं. नंतर बराच वेळ मन तिथेच घुटमळत राहिलं. का ते कळत नाही.

बाकी सर्व ठीक. नवीन बूट चावत नाहीत.

तुझा,
मोजपट्टी


८ एप्रिल, रविवार

ताई,

हे पत्र जागेवर बसून वाच. कोणी आजारी नाही. नोकरी आहे. आठ दिवसांत हे पत्र चार वेळा लिहिलं, हे पाचवं आहे.

गेल्याच्या गेल्या शुक्रवारी पानं मशीनवर चढली होती, तेवढ्यात त्या निळ्या खिडकीतल्या बाई स्वतः छापखान्यात आल्या.

"मोजपट्टी कोण?"

काकांनी आणि मावशींनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आता बाई भांडणार. शून्य दिलं होतं ना. मी टेबलामागे सरकलो.

बाईंनी एक पुडकं माझ्या हातात दिलं. "आमच्या कारागिराने दिलंय. म्हणाला, त्याच्याच हातात द्या." आणि गेल्या.

आत तेच सँडविच. तीन तुकडे. वर एक चिठ्ठी, चार शब्दांचीही नाही: "पिठ्या, आता मोज."

मी मोजलं. छत्तीस, छत्तीस, छत्तीस.

"अरे, शंभर टक्के!" काका ओरडले. "दे त्याला दोन गुण!"

मला घास घेता आला नाही.

पिठ्या हे माझं नाव तुला माहीत नाही. ते तुला का माहीत नाही, तेच आता मला सांगायचं आहे. सात वर्षं झाली. पुढे जे लिहितो आहे त्यात मी काही सजवलेलं नाही.

नववीत आम्हाला नवे मास्तर आले. ते रोज एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायचे. यादीतला माझा नंबर जवळ आला की आदल्या दिवसापासून माझा घसा आवळायचा. मला वाचता येत होतं, ताई. सगळे शब्द येत होते, लिहायला सांगितले असते तर एकही चुकला नसता. पण उभा राहिलो की आवाजच निघायचा नाही आणि वर्ग हसायचा. दादा मला रोज सायकलवरून शाळेच्या पुढच्या फाटकाशी सोडायचा. मी मागच्या फाटकातून बाहेर पडायला लागलो. दिवसभर बाजारात दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचो. रजेच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. अकरा चिठ्ठ्या. कोणाला शंका आली नाही.

महिनाभराने दादाने मला बाजारात पकडलं. मी रस्त्यात बसून रडलो. तुला सांगणार नाही अशी शपथ त्याला घ्यायला लावली. तो म्हणाला, ठीक आहे, पण बाजारात भटकायचं नाही. मग तो कामाला होता त्या बेकरीत मला बरोबर नेऊ लागला. काम करायला नाही, ताई. पिठाच्या पोत्यांवर बसवायचा आणि पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचायला द्यायचा. दुपारी विचारायचा, आज काय वाचलंस ते सांग. त्याला सांगताना मात्र माझा आवाज निघायचा. केसांपासून बुटापर्यंत पांढरा व्हायचो म्हणून पिठ्या. घरी यायच्या आधी तो मला नळाखाली उभा करून धुवायचा.

त्याला वाटायचं, थोड्या दिवसांत मी धीर धरून परत जाईन. मी गेलो नाही. मग शाळेतून नाव काढल्याचं पत्र घरी आलं.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, रोज सायकलवरून नेत होतास, मग पोरगा होता कुठे? आणि दादा म्हणाला, "माझ्याबरोबर बेकरीत. हात कमी पडत होते." तुझं पुढचं वाक्य मला पाठ आहे. तू म्हणालीस, "ज्याने धाकट्याच्या हातातली वही काढून पीठ दिलं, त्याच्या ताटाला ताट लावून मी जेवणार नाही." तो उठला. पाव कापायची सुरीसुद्धा तशीच ठेवून गेला, पाव अर्धा कापलेला होता.

मी दाराआड होतो. सगळं ऐकू येत होतं. घसा आवळला होता हे खरं, पण ते कारण पुरेसं नाही. पाय होते ना. नुसता बाहेर येऊन उभा राहिलो असतो तरी तुला कळलं असतं. मी आलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि तू सात वर्षं मनातून त्याला दोष देत राहिलीस तेव्हाही नाही. सुरुवातीला तू मला कुशीत घेऊन म्हणायचीस, तुझी शाळा त्याने खाल्ली रे. आणि मी गप्प राहून ते घ्यायचो.

माझी शाळा मीच सोडली. दादाने फक्त मला बसायला जागा दिली.

झालं लिहून. आता उरलेलं सोपं आहे.

चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यामागे गेलो. बाईंनी काही न विचारता बाजूचं दार उघडलं. तो फळीपाशी उभा होता. केस पुढून विरळ झाले आहेत. हातांवर पीठ तसंच. त्याने वर बघितलं आणि सात वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य हे होतं:

"शून्य दिलंस?"

"माप चुकलं होतं," मी म्हणालो.

"माप बरोबर होतं. तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून तेच माप आहे."

तेव्हा कुठे कळलं. कडेचे दोन मोठे, मधला बारका. कापेल तो शेवटी उचलेल. ताई, तुझ्या नियमाने शेवटी नेहमी तोच उचलायचा आणि शेवटी नेहमी तोच तुकडा राहायचा. मला भांडायला कधी कारणच मिळालं नाही ते यामुळे. मी समजत होतो, तुकडे सारखे असायचे. मी तेव्हा कधी मोजलेच नाहीत. आणि मोजायला शिकलो तेव्हा त्याचेच गुण कापले.

हे मी त्याला म्हणालो. तो हसला.

"त्याग-बिग काही नव्हतं रे. कापताना सगळं सारण मधे सरकतं. तुम्हाला मी नुसता पाव चारत होतो."

"खोटं. मी उघडून बघितलंय."

"बघितलंस? मग काय दिसलं?"

"मधे थोडं जास्त होतं," मी म्हणालो. कारण होतं. दोन चकत्या जास्त.

"मग!" तो म्हणाला आणि मनापासून खूश झाला.

दोन्ही खरं असेल. मला ठरवता येत नाही.

गिऱ्हाईक एकटं असलं तरी तो तीनच तुकडे करतो. बाई म्हणाल्या, आम्ही सांगून थकलो, याचा हात तसाच जातो. मी बाकावर बसून मोजत होतो तेव्हा दारात उभा होता तो हाच. बघितल्याबरोबर ओळखलं म्हणे, सँडविच उघडून चकत्या मोजणारा दुसरा कोण असणार. पण बाहेर यायला त्याचे पाय उचलेनात. आपल्या घरात सगळ्यांचे पायच दगा देतात असं दिसतं.

मग त्याने फळी पुसली. पुसलेलीच होती, पुन्हा पुसली.

"ताईची पत्रं येतात?"

"दर पंधरा दिवसांनी."

"माझं काही?"

"नाही."

"बरं." फडकं झटकत म्हणाला, "तिला बेकरीचं सांगितलंस का कधी?"

"नाही."

"मग आता नको सांगू. माझ्यावर चिडली तर मी लांब आहे. तुझ्यावर चिडली तर तू कुठे जाशील?"

त्याने माझी शपथ सात वर्षं पाळली. मी त्याचं हे सांगणं आठ दिवस पाळलं, त्यापुढे जमलं नाही. तू माझ्यावर चीड. वाटेल तेवढी. फक्त त्याच्यावरचा राग काढून माझ्यावर घाल, दोघांवर ठेवू नकोस.

पत्र आता पाकिटात घालतो. पुन्हा वाचत नाही. वाचलं तर टाकणार नाही.

तुझा,
दाराआडचा


२ मे, बुधवार

ताई,

तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मी पोस्टमनला एवढ्या वेळा विचारलं की तो आता मला बघितलं की रस्ता ओलांडतो. तीन आठवडे. कुलूप पुन्हा तीनदा ओढायला लागलो होतो.

आज सकाळी तुझं पुडकं मिळालं. बाहेरून चाचपून कळेना. उघडलं तर आपली पाव कापायची सुरी. दात तसेच, एक तुटलेलाही तसाच. तडकलेल्या मुठीला तू दोरा गुंडाळला आहेस. दोरा नवा आहे, ताई. निळा, कारखान्यातला. आणि चिठ्ठी: "धार गेली आहे, लावून घे. रविवारी दुपारच्या गाडीने येते. कापणार मी."

माझ्याबद्दल चिठ्ठीत एक अक्षर नाही. ते तू समोर बोलणार असशील. बोल. मी समोर उभा राहून ऐकेन.

सुरी घेऊन मी तसाच दुकानात गेलो. दादाने हात धुतले, पुसले, मग सुरी हातात घेतली. मुठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग चिठ्ठी वाचली, आणि एकदम भडकला.

"कापणार मी? म्हणजे शेवटी उचलणार ती. म्हणजे मधला तिला!"

"तिचाच नियम आहे," मी म्हणालो.

"नियम गेला खड्ड्यात. तिला लिही, चालणार नाही."

"तूच लिही."

"मला तुझ्यासारखं लिहायला येतं का?"

धार त्याने स्वतः लावली. बाई म्हणाल्या, रविवारी दुपारी खिडकी बंद ठेवू, घरचं माणूस येतंय. मशीनकाका आणि मावशींनाही यायचं होतं, पण मावशी म्हणाल्या, "नको. तीनच तुकडे होतात. आपण पुढच्या रविवारी."

स्टेशनवरून बाहेर पडलीस की डावीकडे वळ. दवाखान्याची लांब भिंत लागेल, ती संपली की निळी खिडकी. चुकायची भीती नाही, मी स्टेशनवरच उभा असेन, पण मी गर्दीत दिसलो नाही तर म्हणून लिहून ठेवतो.

परवाच्या अंकात पाचव्या पानावर दुरुस्ती येते आहे. प्रूफ माझ्यासमोर आहे: "दि. २३ मार्चच्या अंकात दवाखान्यामागच्या दुकानाला कापणीसाठी शून्य गुण दिले होते. मापं बरोबर होती, मोजणारा चुकला होता. दोनपैकी दोन. एकूण दहा. वाचकांची आणि कारागिराची क्षमा मागतो." संपादकांनी विचारलं, हे काय नवीन? मी त्यांना थोडक्यात सांगितलं, आणि सांगतोच आहे तर माझी नववी अर्धी आहे हेही सांगून टाकलं. उभ्याने, तोंडाने, आवाज निघाला. त्यांनी चष्मा काढला.

"या आठवड्यात माझ्या अग्रलेखात किती चुका सापडल्या?"

"अकरा."

"मग बस जागेवर," ते म्हणाले.

हे पत्र मी दुकानातल्या फळीवर लिहितो आहे, म्हणून कागदाला पीठ लागलं आहे. झटकलं तरी जात नाही, राहू दे. दादा समोर बसला आहे. खाली एक ओळ लिहायला त्याने पेन मागून घेतलं होतं. अर्धा तास नुसता पेन धरून बसला आणि आता परत दिलं. म्हणतो, तूच लिही, भूक ठेवून ये म्हणावं. आणि म्हणतो, तू कितीही सारखे कापायला गेलीस तरी तुझा हात चुकणार हे त्याला माहीत आहे, तेव्हा तो मोजपट्टी आणणार आहे.

मी त्याला सांगितलं, माझी आहे, पण त्या दिवशी मी ती घरी ठेवणार आहे.

वाट बघतो आहोत.

तुझे,
कडेचे दोघे